मुलांच्या हातचे मातीचे किडे

मृगाचा पहिला पाऊस पडून गेला की राजूरच्या शिवारात लाल मखमलीचे ठिपके चालताना दिसू लागतात. मराठीत हा मृगाचा किडा. आपल्या घरांत दादी-नानी त्याला बीर बहूटी म्हणतात. पोरं तो तळहातावर घेतात, काडेपेटीत गवत घालून ठेवतात, त्याने पाय आखडून घेतले की खूश होतात. शाळा उघडल्यावर आम्ही वर्गात विचारलं, बीर बहूटीला पाय किती? कोणी चार म्हणालं, कोणी सहा, कोणी दहा. एकाने ठामपणे सांगितलं, पायच नसतात, ती तशीच सरकते. हातावर सगळ्यांनी घेतली होती. पाय कोणीच मोजले नव्हते.

मग आम्ही प्रत्येकाच्या हातात भिजवलेल्या काळ्या मातीचा एकेक गोळा दिला आणि म्हटलं, बनवा. पाच मिनिटांत प्रश्न सुरू झाले. पाय कुठे लावायचे? पुढे किती, मागे किती? डोळे असतात का? दुसऱ्या दिवशी निम्मा वर्ग काडेपेट्या घेऊन हजर. पाय आठ निघाले. म्हणजे बीर बहूटी खऱ्या अर्थाने कीटक नाहीच, ती कोळी आणि गोचीड यांच्या कुळातली. कीटकाला पाय सहा, शरीराचे भाग तीन: डोकं, छाती, पोट, आणि पाय-पंख सगळे छातीला जोडलेले. हे पाठ्यपुस्तकात आहे, परीक्षेत मुलं लिहितातही. पण मातीचा मुंगळा करताना त्याच मुलांनी पाय पोटाला चिकटवले होते.

तेव्हापासून पावसाळ्यात आणि सुट्टीत आम्ही मुलांबरोबर मातीचे किडे करतो. विज्ञान हा आमचा विषय नाही, आम्ही उर्दू आणि मराठी शिकवतो. तरी हे काम आम्हाला महत्त्वाचं वाटतं, त्याचं कारण आमचं गाव. जालन्याहून भोकरदनला जाताना राजूर लागतं. महाराष्ट्राला ते गणपतीसाठी माहीत आहे, अंगारकीला इथे पाय ठेवायला जागा नसते. पण गावाचं पोट शेतीवर आहे. कापूस, मका, सोयाबीन. आमच्या वर्गातल्या बहुतेक मुलांचे अब्बा एकतर शेतकरी आहेत किंवा दुसऱ्याच्या वावरात मजुरी करतात, आणि या घरांत किड्याचं नाव निघतं ते फवारणीच्या पंपाबरोबरच. मूल चालायला लागतं तेव्हापासून ऐकतं: किडा दिसला, मार.

आता सामानाबद्दल. मोबाईलवरच्या व्हिडिओंमध्ये रंगीत लगद्याचे इटुकले भुंगे आणि फुलपाखरं करतात, ती मुलांनी पाहिलेली असतात आणि तोच लगदा हवा असतो. त्याला पॉलिमर क्ले म्हणतात. नावात माती असली तरी त्यात माती नसते. पीव्हीसी या प्लास्टिकची पूड आणि ते मऊ ठेवणारं द्रव्य यांचा तो लगदा. त्याची गोष्ट मजेशीर आहे. जर्मनीत केथे क्रूझ नावाच्या बाई बाहुल्या बनवत. त्यांच्या मुलीने या लगद्यावर प्रयोग केले आणि १९६० च्या दशकात तो एका पेन्सिल कंपनीमार्फत फिमो या नावाने बाजारात आला. हवेत ठेवला तर तो वाळत नाही, भट्टीत साधारण ११० ते १३० अंशांवर भाजावा लागतो. ज्यांच्याकडे ओव्हन आहे त्यांनी पाकिटावरचं तापमान आणि वेळ नीट पाहून, मोठ्या माणसाने स्वतः भाजावा. गॅसवर, तव्यावर किंवा चुलीत कधीही नाही. जास्त तापला तर प्लास्टिक जळून नाका-डोळ्यांना झोंबणारा विषारी धूर निघतो. आणि ज्या भांड्यात तो ठेवला, ते भांडं परत स्वयंपाकाला वापरू नये. राजुरात हा लगदा मिळत नाही, आणि मागवायचा तर एका छोट्या वडीला जी किंमत पडते त्यात घरची भाजी येते. आम्ही तो कधी आणला नाही, आणि त्याच्यावाचून अडलंही नाही.

त्याच्या जवळ जाणारा लगदा घरी होतो. एक वाटी कॉर्नफ्लोअर (पांढरं, बारीक, दुकानात पाकिटात मिळतं ते, भाकरीचं मक्याचं पीठ नव्हे), एक वाटी फेव्हिकॉल, दोन चमचे तेल आणि एक चमचा लिंबाचा रस. जुन्या कढईत मंद आचेवर लाकडी उलथन्याने हलवत राहायचं. आधी पातळ, मग गुठळ्या, मग एकदम गोळा होऊन कढईच्या कडा सोडतो. तिथे आच बंद. कोमट झाला की तेलाच्या हाताने कणकेसारखा मळायचा आणि प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधायचा. हे काम अम्मीचं किंवा मोठ्या बहिणीचं. लहानांनी कढईजवळ जायचं नाही. रंग मळतानाच घालता येतो. हळद चालते, पण काही दिवसांत विटते. केलेली वस्तू सावलीत दोन-तीन दिवस वाळते आणि थोडी आक्रसते, म्हणून किडा जरा मोठाच करावा. भर पावसाळ्यात हा लगदा नीट वाळत नाही, बुरशी धरतो. तेव्हा मातीच बरी.

मातीचीही एक अडचण आहे. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आक्रसते. उन्हाळ्यात वावराला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या याच कारणाने. नुसत्या काळ्या मातीचा भुंगा केला तर दुसऱ्या दिवशी त्याच्या पाठीवर तशीच भेग असते. पोळ्याचे बैल करणाऱ्या आजीबाईंना हे माहीत असतं. आम्हाला त्यांच्यापैकीच एकीने सांगितलं की मातीत थोडी चाळलेली राख आणि पिंजलेला कापूस मिसळा. कापसाचे तंतू माती धरून ठेवतात. गावात कापसाला तोटा नाही. तेव्हापासून भेगा कमी झाल्या. तलावाचा गाळ मिळाला तर तो आणखी बारीक आणि लोण्यासारखा असतो. फक्त फवारणी होणाऱ्या वावरातली किंवा बांधावरची माती मुलांच्या हातात देऊ नये.

बाकीचं सामान घरातच सापडतं. पायांना खराट्याच्या काड्या किंवा जुन्या वायरमधली तांब्याची तार. डोळ्यांना मोहरी. पंखांना लसणाचं साल. लसणाच्या सालीवर बारीक रेषा असतात, उजेडात धरली तर हुबेहूब माशीचा पंख. ही युक्ती चौथीतल्या एका मुलीची. तिची अम्मी मसाला वाटायला बसली होती, ही सालं गोळा करत होती. घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर मात्र मोहरी आणि तार दूर ठेवावी, ती नाका-कानात जाते.

सुरुवात मुंगीने करावी. तीन गोळ्या, मधली लहान, सहा पाय. सहा-सात वर्षांच्या मुलाला एवढं पुरतं. एवढ्याशा गोळ्या वळताना बोटांना जो व्यायाम होतो, तो आम्हा उर्दू शिकवणाऱ्यांना वेगळ्याच कारणाने मोलाचा वाटतो. ज्याची बोटं मोहरीएवढी गोळी वळतात, त्याचा नुक्ता जागेवर पडतो. नंतर कोळी: गोळ्या दोनच, पाय आठ. मग मधमाशी आणि घरमाशी शेजारी शेजारी. मधमाशीला पंख चार, घरमाशीला दोनच. ही गोष्ट मोठ्या माणसांनाही ठाऊक नसते, विचारून पाहा.

मुलांच्या सर्वांत आवडीचा ढालकिडा, लाल पाठीवर काळे ठिपके असलेला. कृषी सहायक त्याला लेडी बर्ड बीटल म्हणतात म्हणून गावातही तेच नाव चालतं. ठिपके लावायला पोरांना फार आवडतं. "याला पेचे तीन नुक्ते देऊ का?" असं एकाने विचारलं होतं. पण आम्ही फक्त मोठा किडा करू देत नाही, त्याची चारही रूपं करायला लावतो: पिवळ्या अंड्यांचा पुंजका, अळी, कोष, आणि मग ठिपक्यांचा किडा. अळी त्याच्यासारखी मुळीच दिसत नाही. काळपट, अंगावर नारिंगी ठिपके, इटुकल्या मगरीसारखी. आमच्या वर्गातल्या जवळजवळ प्रत्येकाने अशी अळी कधी ना कधी चपलेखाली चिरडलेली होती, कारण ती अळी होती. ही अळीच मावा खाते, कापसाच्या पानाखाली चिकटलेला, पान चिकट करून टाकणारा तो मावा. ती मगर वळून, रंगवून, तिच्यावर ठिपके देऊन झाल्यावर एका मुलाने घरी लहान भावाला चवळीच्या वेलावर तीच अळी दाखवली आणि म्हणाला, "मारू नक्को, ये अपनी है." हे आम्हाला त्याच्या अम्मीने सांगितलं.

क्रायसोपाची अंडी करणं हा आणखी एक खेळ. हा हिरवट, जाळीदार पंखांचा नाजूक किडा पानावर केसासारखे देठ उभे करतो आणि प्रत्येक देठाच्या टोकाला एक अंडं ठेवतो. ताठ दोरा फेव्हिकॉलमध्ये बुडवून वाळवायचा आणि टोकाला खसखशीएवढी गोळी लावायची. ट्रायकोग्रामा करायचा मात्र आम्ही नाद सोडला. ही गांधीलमाशीची चुलतबहीण खसखशीच्या दाण्याहूनही लहान असते. ती बोंडअळीच्या अंड्यात स्वतःचं अंडं घालते आणि बोंडअळी जन्मायच्या आतच संपते. ट्रायकोकार्ड म्हणून शेतकरी वावरात लावतात ते याच माशीचं.

आता पालकांकडून आलेल्या दोन प्रश्नांकडे येतो.

पहिला प्रश्न दीनचा. एका मुलीच्या दादीने निरोप पाठवला की सजीवाचा मुजस्समा करणं इस्लामला मंजूर नाही, मग शाळेत मुलांकडून मुंग्या-माश्या का करून घेता? प्रश्न रास्त आहे आणि तो टाळून चालणार नाही. सजीवांच्या प्रतिमा घडवण्याबद्दल हदीसमध्ये सक्त ताकीद आहे, यात वाद नाही. त्याचबरोबर मुलांच्या खेळण्यांबद्दलही हदीस आहेत. हजरत आयशा (रजि.) लहानपणी बाहुल्यांशी खेळत, त्यांच्या मैत्रिणी खेळायला येत आणि प्रेषित (स.) त्या मुलींना खेळायला आत पाठवत, असं बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आलं आहे. अबू दाऊदमध्ये त्यांच्या पंख असलेल्या घोड्याची हकिकत आहे, घोड्याला पंख कसे, असं विचारल्यावर त्यांनी हजरत सुलैमान (अलै.) यांच्या घोड्यांचा दाखला दिला आणि प्रेषित (स.) हसले. आशूऱ्याचा रोजा ठेवलेल्या मुलांना भूक विसरावी म्हणून स्त्रिया लोकरीची खेळणी करून देत, हेही हदीसमध्ये आहे. याच आधारावर अनेक उलमांनी मुलांच्या खेळण्यांना सवलत दिली आहे. काहींनी चेहरा, डोळे स्पष्ट नसावेत अशी अट घातली आहे, आणि काही अधिक सक्त आहेत. फतवा देणं हे आमचं काम नाही. ज्या घराला शंका आहे त्यांनी आपल्या आलिमांना विचारावं. आम्ही दादींना एवढंच सांगितलं की हे किडे सजावटीसाठी मांडून ठेवत नाही, शिकण्याचं साधन म्हणून करतो आणि काम झालं की मोडून माती परत भिजवतो. त्या मुलीला आम्ही वेगळं काम दिलं: मधमाशीचं पोळं, कोळ्याचं जाळं, मुंग्यांचं वारूळ, किडलेलं बोंड. आणि खरं सांगायचं तर पोळं करणं माशी करण्यापेक्षा अवघड आहे. सहा कोनांची घरं एकमेकांना चिकटवताना तिने गणिताच्या सरांना दोन दिवस कामाला लावलं.

एक गोष्ट मात्र या निमित्ताने सगळ्याच मुलांच्या लक्षात आली. मकतबमध्ये ती सूरह नहल, सूरह नमल, सूरह अनकबूत ही नावं तोंडपाठ म्हणतात. नहल म्हणजे मधमाशी, नमल म्हणजे मुंगी, अनकबूत म्हणजे कोळी, हे त्यांना कोणी जोडून दाखवलं नव्हतं. सुलैमान (अलै.) यांचं लष्कर येताना पाहून मुंगी आपल्या सोबतिणींना बिळात जायला सांगते आणि तिचं बोलणं ऐकून ते हसतात, हा प्रसंग आम्ही सांगितला तेव्हा मुलांच्या हातात मुंगीच होती, अर्धी झालेली.

दुसरा प्रश्न पालकसभेत आला, आणि तो जास्त कठीण होता. एक बाप उठून म्हणाला, "तुम्ही पोरांना किड्यांशी दोस्ती शिकवताय. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने माझा कापूस खाल्ला. वेचायला बाई लावली तर तिची मजुरी निघेना. मी किड्यावर प्रेम करू?" सभा शांत झाली, कारण तो एकटा नव्हता. त्या हंगामात सबंध महाराष्ट्रातल्या कापूसवाल्यांची तीच गत झाली होती. ज्या बीटी कापसावर भरवसा होता त्यालाही ती अळी दाद देत नव्हती.

आम्ही त्यांना मुलाने केलेला ट्रे दाखवला. त्यात ढालकिडा होता, क्रायसोपा होता, आणि गुलाबी बोंडअळीही होती. तिचा पतंग, फुलावरचं अंडं, गुलाबी अळी, आणि पाकळ्या मिटून गुलाबाच्या कळीसारखं झालेलं फूल, म्हणजे डोमकळी. मुलाने डोमकळी लगद्याची केली होती आणि आत अळी बसवली होती, बोटाने पाकळी उघडली की दिसावी अशी. बापाने ती उघडली. दोस्ती सगळ्यांशी नाही, ओळख सगळ्यांची, असं आम्ही म्हणालो. त्यांना ते पटलं की नाही ठाऊक नाही, पण ऑगस्ट-सप्टेंबरात त्यांचा मुलगा रोज सकाळी शाळेआधी वावरात डोमकळ्या शोधत होता आणि तोडून आणून नष्ट करत होता.

या ओळखीचा संबंध जिवाशी आहे. २०१७ च्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. किडा दिसला की फवारा, ही सवय असेल तर फवारे वाढतात, मित्रकिडे आधी मरतात, मग शत्रू मोकाट सुटतो आणि फवारे आणखी वाढतात. शास्त्रज्ञ सांगतात की आधी मोजा, मग फवारा. एकरी दोन कामगंध सापळे लावायचे. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात सरासरी आठ पतंग सापडले, किंवा शंभरातली दहा फुलं-बोंडं किडलेली दिसली, तर फवारणीची वेळ आली असं समजायचं. मोजणी हे चौथी-पाचवीच्या मुलाला सहज जमणारं काम आहे, फक्त त्याला पतंग ओळखता आला पाहिजे. जालन्याजवळ खरपुडीला कृषी विज्ञान केंद्र आहे. किड्याची ओळख पटत नसेल तर शेतकऱ्यांनी तिथे नमुना नेऊन विचारावं.

मात्र मुलांना वावरात पाठवताना एक पथ्य कडक पाळावं. फवारणी चालू असताना आणि त्यानंतर चार-आठ दिवस मुलं तिथे नकोत. पंपात पाणी ओतायला, औषध काडीने ढवळायला मूल लावू नये, औषधाची रिकामी बाटली घरात आणू नये. हे सगळं आमच्याकडे सर्रास चालतं. ज्या घरात हे थांबलं तिथे ते बहुतेक वेळा मुलांनीच थांबवलं आहे.

शाळेत किडे पाहायला वावरातच जावं लागतं असंही नाही. आमच्या वर्गाच्या खिडकीच्या कोपऱ्यात दरवर्षी कुंभारमाशी मातीची घरं बांधते. ओल्या मातीची गोळी तोंडात आणते, लावते, परत जाते. घरात अंडं घालते, आधी लुळी केलेली अळी कोंबते आणि तोंड लिंपून टाकते. पूर्वी झाडलोट करताना ती घरं खरवडून काढली जात. आता मुलं काढू देत नाहीत. तिच्या घराला तडा का जात नाही, यावर वर्गात बरेच दिवस वाद चालला. ती मातीत थुंकी मिसळते असं एका गटाचं म्हणणं होतं, आणि ते खरं निघालं.

सध्या पाचवीला गोम करायची आहे, उर्दूतला कनखजूरा. ती कीटक नाही, चावते, म्हणून जिवंत गोम पकडायला आम्ही सक्त मनाई केली आहे. शाळेमागच्या दगडाखाली मेलेली एक सापडली, ती बाटलीत ठेवली आहे. मराठीत तिला शतपद म्हणतात, पण गोमीच्या पायांच्या जोड्या नेहमी विषम असतात, त्यामुळे बरोबर शंभर पाय कोणत्याच गोमीला नसतात. मुलांनी आमच्या गोमीच्या जोड्या तीनदा मोजल्या. एकवीस भरल्या. शेवटची जोडी इतरांपेक्षा लांब आणि मागे वळलेली आहे. म्हणजे खराट्याच्या चाळीस काड्या एका मापाच्या आणि दोन लांब. काड्या कापून झाल्या आहेत, माती भिजत घातली आहे.